हात लागला

नर्सिंगच्या वर्गात आम्हाला पाठ सांभाळायला शिकवलं होतं. पेशंट उचलताना कमरेतून वाकायचं नाही, गुडघे मोडायचे, वजन अंगाशी धरायचं. वापरलेल्या सुईला परत टोपण घालायचं नाही. काविळीची लस घ्यायची, हात कोपरापर्यंत धुवायचे, वेळेवर जेवायचं. सगळं खरं आहे आणि मी ते आजही पाळते. पण घरोघर जाऊन नर्सिंग करणाऱ्या बाईला पेशंट मारतो, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

ते मी अंगावर शिकले. वेणी पेशंटच्या मुठीत जाते, म्हणून केस कापले. कानातलं एका आजीनं पाळीसकट ओढलं, तेव्हापासून कान बोडके. मंगळसूत्र आत टाकून पिन लावते. डाव्या दंडावर एका म्हाताऱ्याच्या दातांची खूण आहे. बिचाऱ्याचे चारच दात उरले होते, पण चारही कामाचे निघाले. लोक विचारतात, सिस्टर, एवढ्या आजाऱ्यांत फिरता, तब्येत कशी काय चांगली ठेवता? मी सांगते, वेळेवर मान खाली घालते. त्यांना तो माझा नम्रपणा वाटतो.

मी बीबी गावात राहते आणि स्कूटीवर आसपासच्या गावांना जाते. सुलतानपूरच्या वाटेवरच्या एका गावात मोठ्या शेतीवाल्याचं घर होतं. घरातल्या म्हाताऱ्याला लकवा झालेला. उजवी बाजू पूर्ण गेलेली, वाचाही गेलेली, लघवीला नळी, आणि माकडहाडावर तळहाताएवढी जखम. ती साफ करून बांधायला मी रोज जायची. डाव्या हाताला मात्र काही झालं नव्हतं. म्हातारा डावखुरा, आयुष्यभर गडी आणि बैल ज्या हातानं हाकले, तो हात शाबूत होता.

पहिल्याच दिवशी त्यानं माझ्या कानशिलात अशी दिली की चष्मा पलंगाखाली गेला. मी चष्मा शोधत असताना मुलगा दारातून म्हणाला, "लक्ष देऊ नका सिस्टर. बाबाचा हात लागून जाते." मी म्हटलं, असेल, मेंदूचा आजार आहे, माणसाला भान राहत नाही. असे पेशंट मी पुष्कळ पाहिलेत आणि त्यांच्यावर रागावणं मूर्खपणाचं आहे. मी सुचवलं की ड्रेसिंगपुरता हाताला मऊ कापडाचा मोजा घालू, सैलसर बांधू. मुलाला ते अपमानाचं वाटलं. बाबा काय ढोर आहेत का दावणीला बांधायला, गावात तोंड कसं दाखवायचं, असं तो बराच वेळ बोलत राहिला. माझं तोंड सुजलं होतं, ते गावात दाखवायला हरकत नव्हती.

मग असं ठरलं की म्हाताऱ्याला उजव्या कुशीवर वळवायचं, मी पाठीमागून जखम साफ करायची आणि सुनेनं समोर बसून तो डावा हात धरायचा. सून पस्तिशीची, बारीक अंगाची. मी तिला वहिनी म्हणायची. ती हात धरायची, पण तो निसटायचाच, आणि मग बुक्का तिच्या खांद्यावर, छातीवर, कधी तोंडावर बसायचा. ती आवाज करत नसे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी रोज पाहत होते. बुक्का यायच्या आधीच तिची मान डावीकडे झुकायची. हे अंगवळणी पडायला वर्षं लागतात, मला माहीत आहे, कारण मलाही लागली.

एकदा मी गेले तेव्हा न्हावी आला होता. म्हाताऱ्याच्या गळ्यावर वस्तरा फिरत होता आणि तो डावा हात मांडीवर गरीब गाईसारखा पडलेला. न्हाव्यानं नाक धरून वर केलं, गाल ओढले, कान वाकवला, तरी हात हलला नाही. न्हावी गेला, मी हातमोजे घातले आणि हात उठला. ज्या माणसाला काहीच समजत नाही असं घर म्हणत होतं, त्याला कोणाला मारायचं एवढं बरोबर समजत होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्याचा संताप आला. आजाऱ्याचा संताप येऊ नये, पण आला.

तरी मी जातच राहिले. जखम भरत होती, तळाशी लाल मांस दिसायला लागलं होतं, आणि मधेच सोडलं असतं तर आत पू झाला असता.

मग तो दिवस आला. वहिनी समोर नव्हती. मुलगा म्हणाला की तिची तब्येत बरी नाही, आज मी धरतो. त्यानं बापाचा हात धरला, मी वाकून चिमट्यानं जुनं कापड सोडवायला लागले, आणि त्याचा फोन वाजला. त्यानं हात सोडला. म्हाताऱ्यानं तो हात मागे टाकून माझं उजवं मनगट पकडलं आणि पलंगाच्या लोखंडी दांडीत घालून पिळलं. मी ओरडले. त्यानं आणखी पिळलं. आतून कच्ची फांदी मोडल्यासारखा आवाज आला तेव्हाच त्यानं सोडलं. मुलगा फोन कानाला लावूनच माझ्याकडे बघत म्हणाला, "हात लागला काय?"

आतून वहिनी आली. अर्धं तोंड पदराखाली. तिनं वर्तमानपत्राची जाड घडी करून माझ्या मनगटाखाली घातली आणि माझ्याच ओढणीनं करकचून बांधलं. पदर सरकला तेव्हा तिचा डावा डोळा दिसला. सुजून बंद झालेला, खालचा गाल काळानिळा. म्हातारा पलंगावरून उठून स्वयंपाकघरात तर गेला नसणार. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, हात लागला. कोणाचा, असं मी विचारलं तेव्हा तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही वावगं बोलले. त्या घरातल्या त्या वाक्यात मारणारा नसायचाच. हात आपला आपण उठायचा आणि बाईच्या तोंडाला लागायचा. बाईचं तोंडच मधे आलेलं असायचं.

शेजारच्या एका माणसानं मला तालुक्याला हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं. हा हात म्हणजे माझी भाकर आहे. याच हातानं मी म्हाताऱ्यांच्या बुडालेल्या शिरा शोधते, याच बोटांनी नळी घालते. हाड वाकडं जुळलं तर मी घरी बसणार, हे रस्ताभर डोक्यात होतं. डॉक्टर तरुण होते. एक्स-रेचा फोटो बघत त्यांनी सहज विचारलं, कसं झालं?

"हात लागला," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली. "कोणाचा?"

एवढी बोलघेवडी मी, अख्ख्या तालुक्यात जिभेसाठी प्रसिद्ध, आणि माझ्याच तोंडून त्या घराचं वाक्य निघालं होतं. हाडाच्या दुखण्यापेक्षा ते जास्त लागलं. केस कापले, कान बोडके ठेवले, मान चुकवायला शिकले, आणि यालाच मी तब्येत सांभाळणं म्हणत होते. अंग वाचवता वाचवता माझी जीभ कधी गेली ते कळलंच नव्हतं. मी म्हणाले, "पेशंटनं मारलं डॉक्टर. धरून, पिळून मोडला." माझा आवाज इतका चढला की बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकवायला लागली. डॉक्टर म्हणाले, बरं, बसा. आणि त्यांनी प्लास्टर घातलं.

दोन दिवसांनी मी ऑटो करून त्या घरी गेले. माझी पिशवी तिथेच राहिली होती, आणि मी येणार नाही हे तोंडावर सांगायचं होतं. दुपार होती. मुलगा ओसरीवर चहा पीत होता. बसा म्हणाला, चहा घ्या म्हणाला, मग नेहमीचं सुरू केलं, बाबाले काय समजते, हात लागून गेला, माणूस आजारी हाय.

"लागला नाही," मी म्हणाले. "मारलं. आणि वहिनीचा डोळाही आपोआप सुजला नाही."

वहिनी माझी पिशवी घेऊन दारात उभी होती. डोळा थोडा उघडला होता, आतलं पांढरं सगळं लाल. मुलगा तिच्याकडे वळला. "तू सांगतलं काय वं?" म्हणत उठला आणि हात उगारला. तिची मान लगेच डावीकडे झुकली. मी काही ठरवलं नव्हतं. माझा प्लास्टरचा हात मधे गेला आणि त्याची मूठ पूर्ण जोरानं त्या प्लास्टरवर आदळली. मला डोक्यापर्यंत कळ गेली. तो मात्र बोटं पोटाशी धरून खाली बसला आणि आईचं नाव घ्यायला लागला.

"लागला का हात?" मी विचारलं.

आतून म्हातारा डाव्या हातानं पलंगाची दांडी बडवायला लागला. घरभर तो आवाज होता. मी म्हणाले, चला वहिनी, डोळा दाखवून येऊ. ती आत गेली. मला वाटलं, आता येत नाही. तिनं गॅस बंद केला, सासऱ्याच्या तोंडात चार घोट पाणी घातलं, ते त्याचा हात चुकवत घातलं, आणि चप्पल घालून बाहेर आली. मुलगा म्हणत होता, जा, जा, पाहतो परत कशी येतं ते. ऑटोत तिनं भावाला फोन लावला. थेट तालुक्याला ये, एवढंच म्हणाली.

त्याच हाडाच्या डॉक्टरांनी आधी माझं प्लास्टर पाहिलं. त्याला तडा गेला होता. हाड जागेवर होतं, पण प्लास्टर नवं घालावं लागणार होतं. मग ते वहिनीकडे वळले. तिच्या पापणीवर अंगठा ठेवून त्यांनी बॅटरी मारली आणि विचारलं, काय झालं?

ती माझ्याकडे बघायला लागली. मी जीभ दाताखाली धरली आणि खिडकीकडे पाहिलं.

"हात..." ती म्हणाली आणि थांबली. बाहेर ऑटोवाला हॉर्न देत होता.

"नवऱ्यानं मारलं," ती म्हणाली. "रोज मारते."