डब्यातली जुनी फिल्म

माझ्या नवऱ्याला मेल्यावर भिंतीवर लावायला स्वतःचा फोटो हवा होता, तोही पोस्टकार्डाएवढ्या मोठ्या, सुट्या फिल्मवरचा. जयनगरातला त्याचा स्टुडिओ बंद झाला, तेव्हा लाकडी कॅमेरा आणि फिल्मचा एक डबा घरी आला. डबा फ्रिजमध्ये इडलीच्या पिठाशेजारी बसला. फिल्मची मुदत कधीच संपली, स्टुडिओच्या जागी चपलांचं दुकान आलं. तरी जागा लागली की पीठ बाहेर यायचं, डबा नाही.

मुलगी सर्जापूर रोडवरच्या तिच्या घरून आली की म्हणायची, "आप्पा, मोबाईलवर काढते ना."

"मी काय आधार कार्डासाठी मरतोय?"

डब्यावरच्या नावाला अर्थ नव्हता. उरलीसुरली फिल्म कुठल्याही रिकाम्या डब्यात कोंबायची त्याची खोड. जलद फिल्मवर क्षणात फोटो निघतो. मंद असली तर माणसाला बसवून ठेवावं लागतं, आणि जुनी झाली की ती आणखी मंद होते. कुठली कोणती, ते कोपऱ्यातल्या खाचांवरून कळतं. मिट्ट अंधारात, बोटांनी. त्याची बोटं साखरेच्या आजारानं मेलेली. तापलेला तवाही कळायचा नाही. माझी शाबूत होती. स्टुडिओत मी फिल्म उलटी भरली की तो याच बोटांवर पट्टी मारायचा. अशी शिकले.

बाथरूमच्या खिडकीला घोंगडी लावून मी आत बसले. तो बाहेर, दाराला कान लावून.

"किती खाचा?"

"एकच. रुंद."

"ती मंद. पुढची?"

"तीच."

"नीट बघ गं!"

"अंधारात काय बघू?"

डबा संपला. सगळ्या मंद.

"सरी, ठीक आहे," तो म्हणाला. "मी न हलता बसेन."

"तुम्ही बसाल. मानेला विचारलंत?"

त्याची मान सारखी लटलटायची. तरी तो कोट चढवून खिडकीपाशी खुर्चीत बसला. उन्हात डोळे मिटतात, म्हणून घरातच. जन्मभर गिऱ्हाइकांवर ओरडला होता, "मेल्यासारखं बसा!" मी भिंगावरचं झाकण काढलं आणि तेच म्हणाले. त्याने दात आवळले, खुर्चीचे हात घट्ट धरले. मान हलत राहिली.

फिल्म त्याने सांगितली तशी मी धुतली. मुलीने त्या फिल्मवरून फोटो करून आणला. सगळीकडे राखेसारखं धुकं. त्यात कोटाची बटणं स्पष्ट, बोटांची नखंसुद्धा. कॉलरच्या वर पुसलेला डाग.

त्याला नीट दिसत नव्हतं. "कसा आलाय?"

"खुर्ची छान आलीय."

तो म्हणाला, "दुसरी फिल्म भर."

"फिल्म आहे. मान कुठून आणू?"

तो गेल्यावर मुलीने मोबाईलवरचा फोटो मोठा करून आणला, हसरा, तिने गुपचूप काढलेला. मी तो कपाटात टाकला. भिंतीवर फिल्मचा लावला. त्याला तोच हवा होता. भेटायला येणारे विचारतात, "हे कोण, अक्का?"

मी नाव सांगते.