चीर कुठं द्यायची

आमच्याकडे मुलगी जन्मली की न्हाऊ घालताना तिची छाती पिळतात. नव्या बाळाच्या छातीत थेंबभर दूध उतरतं, ते काढलं नाही तर पुढं गाठी होतात, असं सगळ्या बाया छातीठोक सांगतात. माझ्या अक्काची छाती आमच्या मायनं अशीच पिळली. उजवी बाजू पिकली, फुटली, भरून आली. अक्का वयात आली तेव्हा ती बाजू वाढलीच नाही. लोक त्याला नशीब म्हणतात. मी म्हणत नाही.

अक्का केदारखेड्याच्या शाळेत शिकवायची. लग्न अंबडला झालं. नवरा कचेरीत, शिकलेला, रोज सकाळी बुद्धवंदना म्हणणारा. महिनाभरात त्यानं अक्काला मस्तगडला आमच्या घरी आणून सोडलं. "दुरुस्त करून पाठवा," म्हणाला, "आन् छातीवर खूण दिसली न्हाई पाहिजे." दुरुस्त! जशी काही सायकल.

मनमाडला गाडी बदलून आम्ही मुंबईच्या सरकारी दवाखान्यात गेलो. अक्का, माय, दाजी आणि मी. डॉक्टरांनी टेबलावर एक पारदर्शक, मऊ पिशवी ठेवली.

"ही आत बसवायची. त्यासाठी चीर तीन ठिकाणी देता येते," असं म्हणून त्यांनी स्वतःच्याच कोटावर बोट फिरवून दाखवलं. "छातीखाली दिली तर मला आतलं नीट दिसतं, पण या बाजूला घडी नाही, व्रण उघडा राहील. बोंडाभोवती दिली तर व्रण रंगात लपतो, पण तिथं जागाच लहान आहे. काखेतनं दिली तर छातीवर काही दिसणार नाही. पण काम अंदाजानं करावं लागतं, आणि काखेतला व्रण जाड झाला तर हात ओढतो."

एवढं सांगून त्यांनी दाजींकडं पाहिलं.

"खाली द्या," अक्का म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. "दिसला तर दिसू द्या. मला फळ्यावर लिहावं लागतं. हात वर गेला पाहिजे."

दाजी हसले. "फळा कशाला आता? काखेतनं द्या, डॉक्टरसाहेब."

"दाजी, छाती कुणाची हाये?" मी म्हणाले.

"मेहुणीबाई, हे काय तुमच्या चळवळीचं पत्रक न्हाई वाटायला."

"डॉक्टर, तिनं सांगितलं ना? तिचं ऐका!"

"सही नवऱ्याची लागते," डॉक्टर म्हणाले आणि घड्याळ बघितलं.

मायनं माझा पदर ओढला. "गप बस गं. जल्दी होऊ दे. लेकरू नांदू दे."

अक्का पिशवीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "जाऊ दे."

चीर काखेत दिली. छाती सारखी झाली, हे खरं. पण व्रण दोरीसारखा जाड झाला आणि हात खांद्याच्या वर जाईना. सासूला तो न्हाणीत दिसला. "आता हे काय नवीन?" म्हणाली. मग हांडा उचलत नाही, दांडीवर धुणं टाकत नाही, असं एकेक निघालं आणि अक्का परत मस्तगडला आली.

आता ती केदारखेड्याला फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात लिहिते. मागची पोरं उभं राहून वाचतात.

मी पत्रक काढलं. 'बाळाची छाती पिळू नका.' ज्यांच्यासाठी काढलं त्या बायांना वाचता येत नव्हतं. पुरुषांनी 'छाती' हा शब्द वाचला, दात काढले आणि घडी करून खिशात घातलं. आमच्याच मंडळातला एक जण म्हणाला, "हा चळवळीचा विषय न्हाई." बायांची छाती चळवळीत बसत नाही. मंग कुठं बसते?

गेल्या महिन्यात भावाला मुलगी झाली. माय तिला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होती. तिचा अंगठा बाळाच्या छातीवर गेला तशी अक्का ओरडली, "माय, पिळू नको! माझं काय झालं ते दिसतंय ना तुला?"

मायनं मान वर केली. तिला खरंच वाईट वाटत होतं.

"तुझी एक बाजू बराबर पिळली न्हाई गं मी," ती म्हणाली. "नवखी होते. हिची नीट पिळते."

अक्का वाकली. एकट्या डाव्या हातानं बाळ उचलता येईना आणि उजवा काखेत ओढला जाऊन पुरेना. बाळ रडायला लागलं होतं.