एल्मरला झालेली बाधा

एल्मर हे नाव त्याच्या आईनं, देझबानं, ठेवलेलं नव्हतं, ते शाळेनं ठेवलं. सहा वर्षांच्या पोराला गोऱ्यांच्या सरकारची गाडी घेऊन गेली. वसतिगृहात त्याचे केस कापले, आणि तोंडातून घरच्या, नावाहो आदिवासींच्या भाषेतला शब्द निघाला की साबणाची वडी चघळायला दिली. शिकवणाऱ्यांच्या कामाचा उरक मोठा दांडगा. पहिल्याच उन्हाळ्यात पोरगं घरी आलं ते आईकडे पाणी मागतानाही अडखळत होतं. पण देझबाही चिवट बाई. दर सुट्टीत तिनं त्याला मेंढ्यांमागं हिंडवलं आणि कासव, घुबड, बटाटा, दिसेल त्याचं नाव घोकून घेतलं. शाळेनं पुसायचं, हिनं पुन्हा लिहायचं, असं बरीच वर्षं चाललं.

मग लढाई पेटली आणि एल्मर भरती होऊन समुद्रापार गेला. तिकडं काय काम करतो, ते त्यानं कधी कळवलं नाही.

परत आला तो हातपाय शाबूत घेऊन. फक्त बोलेना. हो-नाहीला मान हलवायची, फारच खोदून विचारलं तर इंग्रजीत एखादा शब्द. आई बोलायला लागली की उठून मेंढ्यांच्या कुंपणात जायचा. भरलं ताट तसंच राहायचं. देझबाच्या जिवाला घोर लागला. मेलेल्या शत्रूचं भूत पाठीशी लागलंय, असं नातेवाईक कुजबुजू लागले. शेवटी तिचा केली नावाचा भाऊ जाऊन हस्तीन त्सोंना घेऊन आला. म्हातारा मंत्र गाऊन बाधा उतरवायचा, आणि त्याच्या गाण्यावर लोकांचा जितका विश्वास, तितकाच जिभेचा धाक.

कॉफी संपवून म्हाताऱ्यानं विचारलं, ‘‘कसं मारलंस रे? हातानं, बंदुकीनं, का मेलेल्याला शिवलास?’’

एल्मर खाली मान घालून इंग्रजीत काहीतरी पुटपुटला.

‘‘सरकारनं शपथ घातलीय म्हणतो,’’ केलीनं सांगितलं. ‘‘सांगता येत नाही.’’

‘‘मग सरकारलाच बोलवा की गायला.’’ म्हाताऱ्यानं टोपी उचलली. ‘‘बाधा कुठल्या वाटेनं शिरली ते कळल्याशिवाय मी गात नाही. भलतंच गाणं गायलं तर पोरगं हातचं जाईल.’’

तो दाराकडं वळलेला बघून देझबाचा धीर सुटला. ‘‘हातानं मारलंय, आजोबा,’’ ती म्हणाली. ‘‘मला सांगितलंय त्यानं.’’

एल्मरनं चमकून तिच्याकडं पाहिलं. म्हातारा परत बसला आणि विधीचा दिवस ठरला.

त्या दिवसापासून देझबाला चैन पडेना. केलीनं लाकडं आणून रचली, लांबलांबची माणसं यायची म्हणून मेंढ्या निवडल्या गेल्या. जो तो म्हणे, आता पोरगं बरं होणार. पण आपल्या खोट्यावर भलतं गाणं गायलं जाणार आणि एल्मर जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. कबूल करावं तर म्हातारा निघून जाणार, मग करायचं काय?

आदल्या दिवशी सकाळी ती कुंपणात गेली. ‘‘मी खोटं सांगितलं रे,’’ ती म्हणाली. ‘‘उद्या तुला काही झालं तर मी काय करू? मला तरी खरं सांग.’’

एल्मरनं मेंढीच्या पाठीवर हात ठेवला. मग आपल्या भाषेत म्हणाला, ‘‘मी कुणावर एकही गोळी झाडली नाही. मी बोलायचो.’’

‘‘बोलायचास?’’

‘‘वायरलेसवर. शत्रूला कळू नये म्हणून आपल्या भाषेत. कासव म्हणजे रणगाडा. बटाटा म्हणजे हातबॉम्ब. शत्रू कुठं बसलाय ते मी सांगायचो आणि आमच्या तोफा तिकडं वळायच्या. थोड्या वेळानं समोरच्या टेकडीवर धूर.’’ तो थांबला. ‘‘त्याच तोंडानं तुला आई म्हणू? बाहेर कळलं तर तुरुंगात टाकतील. पण मला भीती तुरुंगाची नाही, या तोंडाची वाटते.’’

ते सगळे शब्द तिनंच त्याला शिकवले होते.

दुसऱ्या दिवशी अंगणात माणसं जमली. आत हस्तीन त्सोंनी आपली पोतडी सोडली, तेव्हा देझबा त्यांच्यासमोर जाऊन बसली. ‘‘आजोबा, मी खोटं बोलले. यानं हातानं मारलं नाही.’’

म्हातारा तिच्याकडं असा बघत राहिला की तिला वाटलं, आता काठीच घालतो. ‘‘मग कशानं?’’

पुढचं सांगणं तिच्या हातात नव्हतं. शपथ तिची नव्हती.

‘‘तोंडानं,’’ एल्मर म्हणाला. ‘‘आपल्या भाषेनं.’’

हस्तीन त्सोंनी त्याच्याकडं पाहिलं, मग पोतडीकडं. ‘‘यावर माझ्याकडं गाणं नाही,’’ ते म्हणाले. म्हाताऱ्याचा आवाज इतका खाली आलेला तिनं कधी ऐकला नव्हता. ‘‘माझ्या गुरूकडंही नव्हतं. आपल्यात असं कुणी केलंच नव्हतं.’’

त्यांनी पोतडी बांधली आणि बाहेर जाऊन लोकांना सांगितलं, जेवा आणि आपापल्या घरी जा.

आत दोघंच उरली. तिनं मटणाचं ताट त्याच्यापुढं सरकवलं.

‘‘आई,’’ एल्मर म्हणाला, ‘‘कॉफी आहे का गं?’’

‘आई’ या एका शब्दासाठी ती इतके महिने झुरली होती. पण तो कानावर पडला आणि देझबा आधी वळून दारातून समोरच्या टेकडीवर धूर तर नाही ना, ते बघत राहिली.