आप्पासो झिमलची उन्हाळी

१९४६ साली सातारा-म्हसवड रस्त्यावर कोळशाच्या गॅसवर चालणारी एक मोटार होती आणि ती आप्पासो झिमल चालवायचा. पेट्रोल अजून रेशनवर होतं, म्हणून मालक नाथाजीनं गाडीच्या पाठीमागं पिंपाएवढी भट्टी बसवून घेतली होती. कोळसा नीट पेटला की गाडी निघायची, चढ आला की थांबायची, मग उतारू खाली उतरून ढकलायचे. त्याची लोकांना सवय झाली होती. पण त्या वर्षी शिमग्यापासून गाडी सपाटीवरही थांबायला लागली. भट्टीचा काही दोष नसायचा. आप्पासो ब्रेक दाबायचा, दार उघडून उडी मारायचा आणि जवळच्या बाभळीमागं जायचा.

पहिल्या दिवशी कुणी काही बोललं नाही. माणसाला लागते. पण पुसेगाव ते दहिवडी एवढ्या टप्प्यात तो सात वेळा उतरला, तेव्हा गाडीत चर्चा सुरू झाली. एक जण म्हणाला, ऊन बाधलंय. दुसरा म्हणाला, चहा लय पितो. मागच्या बाकावरचा एक म्हातारा घड्याळ लावून बसल्यासारखा म्हणाला, "जातोय पळत आन् उभा ऱ्हातोय तासभर. पाणी काय पडंना बिचाऱ्याचं."

म्हाताऱ्याचं बरोबर होतं. घाई अशी व्हायची की जीव जातो, आणि बाभळीमागं उभं राहिलं की चार थेंब. ते चार थेंबही मिरचीची भुकटी कालवल्यासारखे. शिवाय बसायच्या जागेच्या आत, पुढची वाट आणि मागची वाट यांच्या मधोमध, कुणी बोराएवढा निखारा ठेवलाय असं त्याला वाटायचं. खाली इंजिन तापलेलं, वर आप्पासो तापलेला.

हा गडी तसा कशाला लाजणारा नव्हता. म्हसवडच्या अलीकडच्या धनगरवाडीचा, बापाची मेंढरं होती. चाळीस साली मेंढरं भावाच्या गळ्यात टाकून तो पलटणीत गेला, तिथं मोटार शिकला आणि तीन वर्षं इराकातल्या बसऱ्याच्या वाळूत ट्रक हाकून आला. येताना मिशा, मोठा आवाज आणि दहा-बारा इंग्रजी शब्द घेऊन आला. देवळात, बाजारात, मामलेदाराच्या कचेरीत, कुठंही तो एकाच आवाजात बोलायचा. आता चाळिशीला आल्यावर पहिल्यांदाच त्याच्याकडं अशी एक गोष्ट आली होती की जी मोठ्यानं बोलता येईना.

दहिवडीच्या वैद्यबुवांनी नाडी धरली, डोळे मिटले आणि उन्हाळी, म्हणजे उष्णतेनं लघवीची आग, लागली म्हणून सांगितलं. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, गोखरूचा काढा. तिखट बंद, आणि पाणी जितकं पिता येईल तितकं. आप्पासोनं दोन आठवडे इमानानं सगळं घेतलं. फरक इतकाच पडला की सातऐवजी अकरा वेळा गाडी थांबायला लागली.

नाथाजी कोरेगावच्या थांब्यावर सगळ्यांच्या देखत म्हणाला, "आप्पासो, माजी गाडी म्हसवडला चाललीय का रस्त्याकडंच्या झाडास्नी पाणी घालाय?"

लोक हसले. आप्पासोही हसला, पण त्याच्या कपाळावर घाम होता.

मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यात बसरा आला. परदेशात तीन वर्षं राहिलेला माणूस, लष्करातला, तरणाताठा. त्याला उन्हाळी कशी लागेल? त्याला परमाच असणार. आणि परमा म्हणजे बाईकडून आलेलं दुखणं, हे सगळ्यांना ठाऊक. बसऱ्याहून परत येऊन दोन-तीन वर्षं झाली, मग आजवर ते दुखणं कुठं मुक्कामाला होतं, असं कुणी विचारलं नाही. बातमी आप्पासोच्याच गाडीत बसून, तिकीट काढून म्हसवडला पोचली.

हरणाबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, ती आडावर कळली. शेजारच्या दगडाबाईनं पोहरा ओढता ओढता सांगितली. हरणाबाई घरी आली, घागर ठेवली आणि आप्पासोची ताटली, तांब्या आणि घोंगडं उचलून बाहेरच्या सोप्यात नेऊन ठेवलं.

"ह्ये काय गं?" आप्पासोनं विचारलं.

"तुमचं आजपासनं हितं."

"का?"

"का ते बसऱ्याच्या बायास्नी इचारा."

आप्पासोनं सिद्धनाथाची शपथ घेतली. आईची घेतली. मोटारीच्या इंजिनाची घेतली. हरणाबाईनं तिन्ही ऐकून घेतल्या आणि सोप्यातच भाकरी वाढली. त्याला सगळ्यात वाईट कशाचं वाटलं असेल तर ती भांडली नाही याचं. ती भांडली असती तर त्याला ओरडता तरी आलं असतं.

वैशाखात एका सकाळी त्याला थंडी वाजून ताप भरला. साताऱ्यात डॉक्टर होते, पण साताऱ्यात आप्पासोला ओळखणारी पाचशे माणसंही होती. सांगलीला मात्र कॅप्टन खांबेटे होते. बसऱ्याला त्याच्याच कंपनीचे डॉक्टर होते, लढाई संपल्यावर घरी येऊन त्यांनी दवाखाना थाटला होता. तिकडं जातो म्हणाल्यावर हरणाबाईनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला.

"मीबी येनार."

"तू कशाला?"

"डाक्तर काय बोलतोय ते माज्या कानानं ऐकनार. तुमी सांगितलेलं न्हाई."

कोरेगावपर्यंत त्यानं कशीबशी गाडी आणली. तिथं नाथाजीनं पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं, चाक स्वतःच्या हातात घेतलं आणि दोघांना स्टेशनवर सोडलं.

रहिमतपूर गेलं आणि आप्पासोला लागली. तो आगगाडीच्या संडासात शिरला आणि कराड आलं तरी बाहेर आला नाही. काहीच होईना. चार थेंबही नाहीत. पोट तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखं टणक झालं. बाहेर माणसं दार बडवत होती. हरणाबाई दाराला पाठ लावून उभी राहिली आणि दार बडवणाऱ्या एका जाडजूड गृहस्थाला म्हणाली, "मानूस मरतंय आत. तुमाला एवढीच घाई असंल तर खिडकी हाय."

ताकारीनंतर आतून कण्हणं ऐकू यायला लागलं. तेव्हा तिला पहिल्यांदा भीती वाटली. बसरा, बाया, सगळं डोक्यातून गेलं. माधवनगरला उतरून टांगा केला. प्रत्येक खड्ड्याला आप्पासो एकेका देवाचं नाव घेत होता. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळे देव संपले होते.

डॉक्टर चिंतामण खांबेटे किडकिडीत आणि तुटक बोलणारे होते. त्यांनी पोटावर हात ठेवला, नर्स बनुबाईला हाक मारली आणि एक बारीक रबरी नळी उकळून आणायला सांगितली. ती नळी कुठं जाणार हे कळल्यावर आप्पासो खाटेवरून उठायला लागला.

"झोप," बनुबाई म्हणाली. मिशनच्या दवाखान्यात शिकलेली पन्नाशीची बाई. तिनं असे पुष्कळ शूर पाहिले होते. "पलटणीत होतास ना? मग परेड समज."

नळी गेली. पुढचे दोन क्षण आप्पासोनं बसऱ्यात शिकलेले सगळे इंग्रजी शब्द वापरले. आणि मग पत्र्याच्या भांड्यात धार पडायला लागली ती पडतच राहिली. आप्पासोचे डोळे भरून आले. लग्नात आपल्याला इतका आनंद झाला नव्हता, असं तो पुढं सांगायचा, हरणाबाईसमोरच सांगायचा.

मग डॉक्टरांनी हातात रबरी मोजा चढवला आणि त्याला कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्यायला सांगितलं.

"आवं साहेब, तिकडनं न्हाई! दुखनं म्होरं हाय!"

"पुढच्या दुखण्याची गाठ मागूनच हाताला लागते. हलू नकोस."

बोट अलगद लागलं मात्र, आप्पासोनं अशी आरोळी ठोकली की बाहेर टांग्याचं घोडं बुजलं.

"प्रोस्टेट," डॉक्टर मोजा काढत म्हणाले. "मूत्राशयाच्या तोंडाशी अक्रोडाएवढी एक गाठ असते. प्रत्येक पुरुषाला असते. तुझी सुजून लिंबाएवढी झालीय आणि गरम लागतेय. तिनं वाट दाबून धरलीय."

पडद्यामागून हरणाबाई बाहेर आली. "डाक्तरसाब, एकच सांगा. ह्ये बाईचं दुखनं हाय का?"

आप्पासोनं तोंड भिंतीकडं केलं.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. लघवीचा एक थेंब त्यांनी काचेवर घेतला, वाळवला, रंग लावला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहत बसले. मग हरणाबाईलाच बोलावलं. "या, बघा. एक डोळा मिटा. काय दिसतंय?"

हरणाबाईनं वाकून पाहिलं. "मेंढरं बसून उठल्यावर लेंड्या पडत्यात, तसलं दिसतंय. ढिगाढिगानं."

"शाबास. परम्याचे जंतू असते तर जोडीजोडीनं दिसले असते. हे घोसानं आहेत. हे गळवाचे जंतू. याला एवढ्यात कुठं गळू झालं होतं का?"

नवरा-बायकोनं एकमेकांकडं पाहिलं. झालं होतं. माघात, बसायच्याच जागेवर. मोटारीच्या तापलेल्या सीटनं बटाट्याएवढं गळू आलं होतं.

"मग? कुणाकडून कापून घेतलंस?"

"कापलं न्हाई," आप्पासो भिंतीकडूनच म्हणाला. "हिनं बाभळीच्या काट्यानं फोडलं. पालथा पाडला, पाठीवर बसली आन् दोन्ही अंगठ्यांनी पिळलं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बाई, गळू असं पिळायचं नसतं. पू बाहेर येतो तितका आतही जातो. हे जंतू बहुधा तिथूनच रक्तातून या गाठीत गेले असावेत."

हरणाबाई मटकन स्टुलावर बसली. महिनाभर जिच्या नावानं नवऱ्याला सोप्यात जेवायला घातलं ती बसऱ्याची बाई ती स्वतःच निघाली होती. आप्पासोला अंगात एकशेतीन ताप असतानाही हसू आवरेना. हसलं की दुखायचं, दुखलं की शिव्या द्यायचा, आणि पुन्हा हसायचा. हरणाबाई पदर तोंडावर घेऊन रडत होती की हसत होती, ते बनुबाईलाही ठरवता आलं नाही.

औषध पेनिसिलिन होतं. लढाईत गोऱ्या सोल्जरांसाठी आलेलं, आता कुठं सामान्य माणसांपर्यंत पोचायला लागलेलं. डॉक्टरांनी मिरजेला माणूस पाठवून थर्मासात बर्फ घालून बाटल्या मागवल्या. पिवळसर भुकटी, तिच्यात पाणी घालायचं आणि टोचायची. एकदाच टोचून भागत नव्हतं. शरीर ते इतक्या लवकर लघवीवाटे टाकून देई की दर तीन तासांनी पुन्हा. दिवसाला आठ सुया.

"कुठं टोचनार?" आप्पासोनं विचारलं.

"जिथं गळू झालं होतं तिथंच आजूबाजूला," बनुबाई म्हणाली. "आज डावीकडं, उद्या उजवीकडं."

तिचं पाऊल वाजलं की आप्पासो "हालट! हू कम्स देअर!" असं ओरडायचा. ती न थांबता आत यायची आणि धोतर खाली ओढायची. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी नळी काढली, आणि तो स्वतःच्या पायांनी मोरीत गेला. हरणाबाई दाराबाहेर कान लावून उभी होती. आवाज ऐकून तिनं बनुबाईला खूण केली आणि दोघींनी नळ सुटल्यावर बायका पाहतात तसं एकमेकींकडं पाहिलं.

सात दिवसांनी सुया संपल्या. आप्पासो उठून चालायला लागला तो कमरेखाली चाळणी झाल्यासारखा. घरी निघताना डॉक्टर म्हणाले, "या गाठीत जंतू दडून बसतात. दुखणं गेलं असं वाटलं तरी दर गुरुवारी यायचं. आता सूज उतरलीय, तेव्हा बोटानं गाठ दाबून आत साचलेलं काढावं लागेल. पाच आठवडे."

"म्हंजे ते... पुन्ना?"

"पुन्हा."

"त्यापरीस सुया द्या की!"

"सुयाही लागल्या तर देईन."

तो गेला. पाचही गुरुवार गेला. नाथाजीनं विचारलं, "सांगलीत काय काम काढलंस दर गुरवारी?" तेव्हा त्याचा जुना आवाज परत आला होता. कोरेगावच्या थांब्यावर, भरल्या गाडीसमोर त्यानं सांगितलं. गाठ कुठं असते, केवढी असते, कोणत्या वाटेनं तपासतात, सगळं. पुढच्या बाकावरच्या दोन मास्तरणी खिडकीबाहेर बघत राहिल्या. पुरुष मात्र कान देऊन ऐकत होते. गाडी पुसेगावला पोचली तेव्हा एक जण उतरता उतरता त्याच्या कानाशी लागला आणि डॉक्टरांचा पत्ता विचारून गेला.

वर्षभरात असे दहा-बारा जण झाले. त्यात एक पाटील होते, एक कीर्तनकार होते. काहींची नुसती सूज होती, औषधानं उतरली. म्हाताऱ्यांची गाठ वयानं वाढलेली निघाली, त्यांना पेनिसिलिनचा उपयोग नव्हता. डॉक्टरांनी त्यांना शस्त्रक्रियेसाठी पुढं पाठवलं. एका गड्यानं सर्दीसाठी पेनिसिलिन मागितलं, त्याला खांबेट्यांनी दारातूनच हाकललं. आणि एकाचा खरोखरच परमा निघाला. तो बसऱ्याला कधीच गेला नव्हता. साताऱ्याच्या पलीकडंही गेला नव्हता. त्याचं नाव आप्पासोनं शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही, हरणाबाईलाही नाही, आणि तिनं काही कमी वेळा विचारलं नाही.

थंडीत कधी कधी त्या जागी चमक यायची. मग तो दोन दिवस सीटवर घोंगडं दुमडून घ्यायचा आणि हरणाबाई धने-जिऱ्याचं पाणी करून द्यायची. वैद्यबुवांचा मान राहावा म्हणून तो ते प्यायचा.

पुढं सरकारनं खाजगी मोटारी ताब्यात घेतल्या आणि आप्पासो नव्या गाडीवर नोकरीला लागायला साताऱ्याला गेला. तिथं तब्येत तपासणाऱ्या तरुण डॉक्टरनं कागद पुढं ओढून विचारलं, "आधी काही आजार?"

आप्पासो खुर्चीत ऐसपैस बसला. "शिप्यायाला दार लावाय सांगा साहेब," तो म्हणाला. "जरा येळ लागंल."