वसंतकाकांची सुरगाठ

काकूचा फोन आला तेव्हा मी कळव्याला घरी जेवायला बसत होतो. “अरे, हे गेले रे... तू ये,” एवढंच म्हणाली. कोपरला काकूकडे पोचलो तर इमारतीखाली बांबू, सुतळी, मडकं सगळं आलेलं होतं. बांधणारा तेवढा नव्हता. नात्यात, शेजारात कुणीही गेलं तरी तिरडी बांधायला बोलावणं जायचं ते वसंतकाकांनाच. त्यांना मूलबाळ नाही, त्यामुळे सगळे पुतण्याकडे, म्हणजे माझ्याकडे बघायला लागले.

काका कारखान्यात फिटर होते, पण जीव रमायचा दोरीत. रद्दीच्या गठ्ठ्याला निरगाठ, ओढाल तितकी आवळणारी. गादीच्या वळकटीला सुरगाठ, टोक ओढलं की मोकळी. उलटं केलेलं त्यांना खपायचं नाही. एकदा मी बुटाच्या नाडीला निरगाठ मारली, तर भर लग्नात खाली बसवून सोडायला लावली. तिरडीबद्दल मात्र ते हळू आवाजात बोलायचे. “बांबूला निरगाठ, माणसाला सुरगाठ. सोडताना त्याला हिसके बसता कामा नयेत.”

त्या दिवशी त्यांचे शब्द मला जसेच्या तसे आठवत होते, पण हात चालत नव्हते. टोक कुठून घ्यायचं, कुठे दुमडायचं... काही सुचेना. शेजारचे सावंत म्हणाले, “मार रे कशीपण, उशीर होतोय.” मोबाइलवर बघावं असं मनात आलं आणि लाज वाटली. शेवटी मारली कशीतरी.

स्मशानात ती सुटेना. ओढावी तशी आवळत गेली आणि प्रत्येक ओढीला काकांची मान हलत होती. मला ते बघवत नव्हतं आणि थांबताही येत नव्हतं. कुणीतरी ब्लेड पुढे केलं. मी सुतळी कापली. सगळे म्हणाले, होतं असं, मनाला लावून घेऊ नको. पण काकांच्या हातून असं कधीच झालं नव्हतं, आणि माझ्या हातून झालेलं आता कशानेही दुरुस्त होणार नाही.

परवा गेलो तर काकू पातळ चादर गुंडाळून कुडकुडत बसली होती. गोधड्यांचं गाठोडं माळ्यावर होतं, काकांनी उन्हाळ्याआधी बांधलेलं. मी ते खाली काढलं. सुतळीचं टोक बाहेरच होतं. मी हात घातला, तोच काकूने मनगट धरलं.

“राहू दे. ओढलीस की सुटेल ती... मग परत कोण मारणार?”

मी गाठोडं पुन्हा माळ्यावर ठेवलं आणि स्टेशनजवळच्या दुकानातून तिच्यासाठी ब्लँकेट घेऊन आलो.