जात विचारली कुत्र्यांची

"आणि जात?" एजंटनं विचारलं. मान वर न करता, लिहिता लिहिता.

मी म्हणाले, "मातंग."

त्याचा पेन थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि हसला. "अहो ताई, तुमची कोण विचारतंय? कुत्र्यांची विचारली. लॅब्रेडोर, पामेरियन, काय ते."

माझ्या मागं रांग होती. आमच्याच प्लांटची माणसं. एकाच गेटनं आत शिरणारी, एकाच कूलरचं पाणी पिणारी. त्यातून एक आवाज आला, "मातंग? ही नवीन ब्रीड निघाली काय?" आणि रांग हसली. सगळी नाही. जे हसले नाहीत त्यांनी खाली बघितलं. मला खाली बघणाऱ्यांचाच जास्त राग आला. हसणाऱ्याचं तोंड तरी दिसतं.

"गावठी आहेत," मी म्हणाले.

"बरं. कळवतो," तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावरून मागच्या माणसाला हाक मारली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण मी असं का बोलून बसले, ते सांगते.

आमचा प्लांट तारापूर एमआयडीसीतला. तो बंद होणार आणि कामगारांनी तीन शहरांतलं एक निवडायचं, असं कंपनीनं सांगितलं. वापी, नाशिक, नाहीतर पुणे. तिन्हीकडचे घरांचे एजंट एका शनिवारी कॅन्टीनमध्ये आणून बसवले. कुणी शाळा विचारत होतं, कुणी पाणी, कुणी गावाकडं जायला गाडी कुठली. मी नाशिकच्या एजंटच्या रांगेत होते. माझा एकच प्रश्न होता. कुत्री चालतील का?

भुऱ्या आणि चिंगी. दोघं एमआयडीसीतच जन्मलेली. भुऱ्या पिल्लू असताना केमिकलच्या नाल्यात पडला होता. मी ओढून काढला. त्याचे मागचे पाय भाजले ते भाजलेच, तिथं केस परत आले नाहीत. चिंगी त्याच्या मागं मागं आली आणि राहिली. नवरा गावाकडं गेला, तिकडं त्यानं दुसरं घर मांडलं. सालवडच्या चाळीतल्या खोलीत मी आणि ही दोघं उरलो. सेकंड शिफ्ट सुटली की नाक्यावर उभी असतात. माझी वाट बघणारं या जगात दुसरं कुणी नाही. हे मी कुणाची कीव यावी म्हणून सांगत नाही. आहे ते असं आहे.

आता जातीचं. माझं आडनाव असं आहे की त्यावरून काही कळत नाही. म्हणून लोक पुढचा प्रश्न विचारतात, "म्हणजे तुम्ही कोणत्यातले?" लग्नानंतर पालघरला पहिली खोली घेतली तेव्हा नवऱ्यानं गोलमाल उत्तर दिलं होतं. मग माझी आई आली. मालकिणीशी ओट्यावर गप्पा मारता मारता तिनं सरळ सगळं सांगून टाकलं. त्या बाईनं आईला चहा दिला, कप परत घेतला नाही. "राहू दे तुम्हालाच," म्हणाली. आठवड्याच्या आत आमचं सामान रस्त्यावर होतं. तेव्हापासून माझी जीभ शिकली. खोलीचा विषय निघाला आणि कुणी "जात" म्हणालं की उत्तर आपोआप बाहेर पडतं. नंतर हाकलण्यापेक्षा आधीच नाही म्हणा, एवढीच अक्कल त्यात. सालवडला हा प्रश्न कुणी विचारला नाही. तिथला मालक म्हणाला होता, "लाइट का बिल टाइम पे देना, बस." इतकी वर्षं तिथं सुखानं राहिले, आणि त्या सुखात विसरले की कुत्र्यालाही जात असते.

एजंटचा फोन आला. "ताई, मालकांना कुत्री चालत नाहीत."

मी विश्वास ठेवला. मग आमच्या लॅबमधल्या साहेबांनी पेढे वाटले. त्यांना नाशिकला फ्लॅट मिळाला होता. त्याच एजंटकडून, मी मागितलेल्या खोलीच्याच बिल्डिंगमध्ये. त्यांचा लॅब्रेडोर वासराएवढा आहे. "सोसायटीत कुत्र्यांना फिरायला वेगळी हिरवळ आहे," ते कौतुकानं सांगत होते. मी पेढा घेतला. एजंटला फोन लावला. तो म्हणाला, "त्यांचा शिकवलेला आहे हो. तुमची रस्त्यावरची." मी त्यावरही विश्वास ठेवला. माणसाला ठेवायचा असला की कशावरही ठेवता येतो.

पुण्याच्या एजंटनं फोनच उचलला नाही. नाशिकला मी आणखी दोन-तीन ठिकाणी विचारलं. कुत्री म्हटलं की नाही. मी रोज घरी येऊन भुऱ्याकडं बघायचे आणि मनात म्हणायचे, तुझ्यामुळं रे. तुझ्या त्या जळक्या पायांमुळं. त्याला काय कळतंय. तो शेपूट हलवायचा.

एचआरच्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. कॅन्टीनमधली गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. मला वाटलं, त्या हसणाऱ्याला समज देतील.

"तुम्ही उगाच विषय काढलात," त्या म्हणाल्या. "त्या बिचाऱ्या एजंटलाही किती ऑकवर्ड झालं असेल."

त्याला.

"असं करा, वापी घ्या. गुजरातमध्ये तुमचं काय ते कुणाला कळणारसुद्धा नाही. तिथं लॅबमध्ये जागा नाही, पॅकिंगमध्ये घेतील. आणि ती कुत्री सोडून द्या. इथलीच आहेत ना? जगतील."

मी लॅबमध्ये बाटल्या धुवायला लागले होते. बघत बघत टायट्रेशन शिकले, परीक्षा दिली, असिस्टंट झाले. नाशिकला माझी लॅबमधली जागा कायम होती. ती सोडायची, जात झाकायची, कुत्री सोडायची. एवढं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं, आणि मदत केल्यासारख्या हसल्या. मी काय म्हणाले? "बरं मॅडम" म्हणाले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बाहेर येऊन बाथरूममध्ये रडले आणि तोंड धुऊन पुन्हा ब्युरेटची नळी हातात घेतली.

मग मी ठरवलं. लॅब सोडायची नाही. कुत्री सोडायची.

भारती पॅकिंगला होती, शिरगावची. घरची बोट आहे. ती कुठंच जाणार नव्हती. "आमचा समुद्र काय नाशिकला येनार हाय?" असं सगळ्यांना सांगून तिनं कंपनीचा विषय संपवला होता. मी तिला विचारलं, दोघांना ठेवशील का. ती लगेच हो म्हणाली. तिच्या दिराचा टेम्पो मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात येतो आणि रिकामा परत जातो. त्या टेम्पोत मागं मी दोघांना घेऊन बसले. मासळीच्या वासानं दोघं खूश. वाटेत चिंगीनं माझ्या मांडीवर डोकं टाकलं.

बोंबील वाळत घातले होते तिथल्या बांबूला भारतीनं दोघांना बांधलं. तिच्या सासूनं भाकरी आणि माशाची डोकी आणून टाकली. कुणी जात विचारली नाही, ब्रीड विचारली नाही. भुऱ्या खात नव्हता. माझ्याकडं बघत होता. मी पाठ फिरवली.

"रडू नको गं," भारती म्हणाली. "तुजी कुत्री मी ठेवीन. त्याची तुला काळजी नाय. पन तुला कोन ठेवील तिकडं?"

तिनं टोमणा मारला नव्हता. भारतीला टोमणे येत नाहीत, ती शिव्याच देते. ती त्या दिवशी रांगेत नव्हती, पण तिला सगळं ठाऊक होतं. मी म्हणाले, "आता कुत्री नाहीत. आता देतील."

"मंग लाव फोन. आमच्यासमोरच लाव."

मी तिथंच, वाळूत उभी राहून, एजंटला फोन लावला. स्पीकरवर.

"भाऊ, कुत्री मी दुसरीकडं ठेवली. आता येणार नाहीत. ती खोली आहे का?"

तो आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, कुत्र्यांचा प्रश्न नव्हता हो. मी आपलं बरं दिसावं म्हणून तसं सांगितलं. मालक वरच राहतात, घरात देवघर आहे, म्हातारी माणसं आहेत. तुम्हाला कळतंच. मी नाही मानत हां असलं काही."

"कुत्र्यांचा प्रश्न नव्हता?"

"नाही ना. कुत्री काय, चालतात."

भारतीनं माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही. मी वाळूत बसले. कुत्री चालतात. मी रोज ज्यांना मनात दोष देत होते, ज्यांना आज दोरीनं बांधून टाकून निघाले होते, त्यांना कुणाची हरकतच नव्हती. नको होते ती मी. ती दोघं नसती तर त्या लोकांनी दुसरं काहीतरी पुढं केलं असतं. पाणी कमी आहे म्हणाले असते, भाचा येणार आहे म्हणाले असते. मी सोयीची कुत्री घेऊन गेले, त्यांना कारण आयतं मिळालं. आणि मीही त्या कारणाला धरून बसले, कारण "कुत्र्यांमुळं नाही" हे ऐकायला बरं वाटत होतं. नाही मला म्हणत होते आणि ते मी माझ्या मुक्या जनावरांच्या अंगावर ढकलत होते.

मी उठले. दोऱ्या सोडल्या. भारतीची सासू म्हणाली, "ऱ्हाऊ दे की गं, खातील हितं." मी त्यांच्या पाया पडले आणि दोघांना घेऊन निघाले. रिक्षावाले कुत्री बघून थांबेनात. शिरगावहून पालघरच्या रस्त्यानं आम्ही तिघं चालत होतो. ऊन होतं. भुऱ्याचे पाय तापल्या डांबरावर पोळत होते, म्हणून कडेच्या मातीतून चाललो. मला काहीच सुचत नव्हतं. राग यायला हवा होता, पण आधी फक्त थकवा आला. राग घरी पोचल्यावर आला आणि मग तो गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, "काय ठरलं? वापी ना?"

"नाशिक."

"अहो, पण खोली कुठं मिळाली?"

"नाही मिळाली."

"आणि ती कुत्री?"

"ती येणार."

त्यांनी कपाळाला हात लावला. "तुम्ही स्वतःहूनच अडचणी ओढवून घेता. वापीला कुणाला कळलं नसतं."

"मॅडम," मी म्हणाले, "मला कळलं असतं."

त्या केबिनमध्ये मी पहिल्यांदा "बरं" न म्हणता उठले. एवढंच झालं. मॅडमचं मन काही पालटलं नाही, तो हसणारा माणूस रोज दिसतो आणि रोज हसतो. नाशिकला उतरल्यावर पहिली रात्र या दोघांना घेऊन कुठं काढायची, मला माहीत नाही. स्टेशनवर झोपावं लागेल, तिथूनही उठवतील. कुठलीही सोय झालेली नाही.

पण दारं मीच वाजवणार आहे, एजंटशिवाय. दार उघडलं की आधी माझी जात सांगणार. आजवर भीतीनं सांगत आले, आता त्यांना तोंडावर नाही म्हणायची भीती वाटावी म्हणून सांगणार. कुणी म्हणालं की आमच्याकडं कुत्री चालत नाहीत, तर म्हणणार, ही दोघं बाहेर बांधते, आता बोला. ज्याला नाही म्हणायचंय त्यानं माझ्याकडं बघून, माझं नाव घेऊन नाही म्हणावं. मी दारातून हलणार नाही.