आधी नकार, मग चहा

त्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला. "भावोजी, हे गेले. चहा पिऊनच या, इथं आज चूल पेटायची न्हाय." एवढंच. इतकी वर्षं दिनकरबरोबर संसार केल्यावर वाईट बातमी अशीच सांगायची, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. माझ्या मात्र त्याचं जाणं अजून अंगवळणी पडलेलं नाही... महिना होत आला, अजून त्याच्या घराकडं पाय वळतात.

दिनकर मूळचा नेसरीचा. कोल्हापुरात आम्ही दोघांनी मिळून हिशेब तपासणीचं ऑफिस थाटलं, तेव्हापासून त्याची एक खोड. व्यापारी दारात पायताण काढतोय तोवर हा आतून ओरडायचा, "पावणं, काम होणार न्हाय! या, चहा घ्या, का होणार न्हाय ते सांगतो." मी कपाळावर हात मारायचो. पण गंमत अशी, की तेच गिऱ्हाईक परत यायचं आणि येताना शेजाऱ्यालाही आणायचं. कराचं काम झालं की लोक पाण्याचं, गटारीचं, पोराच्या दाखल्याचं विचारू लागले आणि त्यातूनच हा एक दिवस नगरसेवक झाला. महापालिकेत कुणी भूमिपूजनाची घाई केली की हा अंदाजपत्रक पुढं करायचा. "ह्यात पैसंच धरल्यालं न्हाईत, मग नारळ कशाला फोडताय?" बरेच नारळ त्यानं असे वाचवले.

आमदारकीला उभा राहिला तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. ऑफिसातून तो पूर्ण बाहेर पडला होता. हरला तर घरी बसायची पाळी. मतदारसंघातल्या एका वाडीत सभा होती. ओढ्यावर पूल पाहिजे, एवढीच लोकांची मागणी. समोरच्या उमेदवारानं तो आदल्याच दिवशी भाषणात देऊन टाकलेला. मी दिनकरच्या कानाशी लागलो, "नुसतं 'बघूया' म्हण की लेका!" त्यानं माईक घेतला. "पूल ह्या पाच वर्षांत होणार न्हाय. जागेची केस कोर्टात हाय. ती मिटवायला मी येतो, पर पुलाच्या नावानं मत मागणार न्हाय." सभा थंडगार. वाडीची मतं फिरली, आजूबाजूच्या गावांत बोभाटा झाला आणि दिनकर पडला. "चुकलं का रं, वसंता?" त्यानं मला विचारलं. त्याला इतकं खचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

पण केससाठी तो वाडीत जातच राहिला. पुढच्या निवडणुकीला तिथल्या एक मावशी भर सभेत उठल्या. "पूल त्या दुसऱ्यानंबी दिला न्हाय. पर त्येच्या दारात हेलपाटं घालून आमच्या टाचा झिजल्या. ह्यो न्हाय म्हणला, आमचं हेलपाटं तरी वाचलं. औंदा ह्योच!" दिनकर आमदार झाला. पुढं केस मिटली, पूलही झाला. विधानसभेत आपण काय बोललो हे तो विसरायचा, पण मावशींचं भाषण आल्यागेल्याला ऐकवायचा, खदखदून हसत. असा तृप्त राजकारणी मी तरी दुसरा पाहिला नाही.

शेवटचे आम्ही भेटलो ते दवाखान्यात. तरुण डॉक्टरीणबाई रिपोर्ट चाळत "बघूया, औषध बदलून बघूया" म्हणत होत्या. दिनकरनं त्यांना बसायची खूण केली. "ताई, होणार नसंल तर तसं सांगा. राग न्हाय यायचा." त्यांनी रिपोर्ट मिटून बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "नाही होणार, काका." दिनकरचा चेहरा मोकळा झाला. त्यानं त्यांचे आभार मानले, गाव कुठलं विचारलं; त्या मुरगूडच्या निघाल्या, मग तिकडच्या पावण्यारावळ्यांची उजळणी झाली...

त्या गेल्यावर मला तिथं बसवेना. पिशवी उचलली आणि सवयीनं म्हणालो, "बरं दिनकर, उद्या येतो."

तो हसला. "उद्याचं मी कबूल करत न्हाय, वसंता. आत्ता बस की."

मी पिशवी खाली ठेवली आणि बसलो.